चोरखिशांतलें पिस्तूल

शस्त्रांचा इतिहास बहुधा रणांगणावरून सांगितला जातो. तोफ कोठें ओतली, तलवारीचें पातें कोणत्या देशांतून आलें, कोणत्या किल्ल्याचा तट किती दिवसांत ढासळला, या गोष्टी शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतात. पण शस्त्रांची एक दुसरी जात आहे. ती रणांगणावर दिसत नाहीं. ती कपड्याच्या घडींत, काठीच्या पोकळींत, पेटीच्या चोरकप्प्यांत राहते. मराठी भाषेंत या जातीला जुनीं नांवें आहेत. काठींतून निघते ती गुप्ती; बाहींत लपतो तो बिचवा; मुठींत मिटतात तीं वाघनखें. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेल्या भेटीची हकीकत सांगतांना मराठी घरांतून आजहि हीं नांवें निघतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं या जुन्या कुळांत एक नवें शस्त्र दाखल झालें. तें म्हणजे कोटाच्या खिशांत मावणारें, चापट घडणीचें, एक गोळी उडतांच दुसरी आपोआप भरून घेणारें पिस्तूल.

महाराष्ट्राच्या इतिहासांत हें शस्त्र दोन वेळां अत्यंत ठळकपणें पुढें आलें. एकदां १९०९ सालीं नाशिक येथें, आणि दुसऱ्यांदा १९४८ सालीं, जेव्हां पुण्याहून निघालेली माणसें दिल्लीस गेलीं. दोन्ही प्रसंगांतील हेतु, काळ आणि माणसें निराळीं आहेत, व त्यांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि तें शस्त्र कोणीं निवडलें, कोठून मिळविलें, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, एवढ्याच दृष्टीनें पाहिलें तर दोन्ही ठिकाणीं एक नियम आढळतो. शस्त्र खिशांत लपतें. पण तें खिशापर्यंत आणणारी माणसांची सांखळी लपत नाहीं. या नियमाचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम हें शस्त्र या देशांत चोरून कां आणावें लागलें, तें पाहूं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें प्रजेला निःशस्त्र करण्याचें धोरण स्वीकारलें. पुढें १८७८ सालीं, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतां, हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून बंदूक किंवा पिस्तूल जवळ बाळगणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांना या कायद्यांतून सूट होती. हिंदी माणसाला ती नव्हती. वाघाच्या भयानें रात्र काढणाऱ्या शेतकऱ्यानें अर्ज करावा, आणि काल बोटीवरून उतरलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यानें बिनपरवाना बंदूक खांद्यावर टाकून हिंडावें, ही गोष्ट सुशिक्षितांना फार झोंबली. राष्ट्रसभेच्या आरंभींच्या वर्षांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते यामुळेंच.

परंतु हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानांत संस्थानिकांचे कायदे निराळे. मराठवाड्यांतील कळमनुरीचें उदाहरण घ्यावें. हें तालुक्याचें गांव १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत आहे. त्यापूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत होतें, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. तालुक्याच्या कडेनें पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल, आणि पलीकडे पुसद, उमरखेड हा वऱ्हाडचा इंग्रजी अंमलाखालील मुलूख. दोन्ही तीरांवर एकच भाषा, एकच सणवार, एकमेकांत सोयरिकी. पण पाण्याच्या दोन बाजूंना दोन सरकारें आणि दोन कायदे. अशा दुहेरी सीमा हिंदुस्थानांत शेंकडों होत्या, आणि गुप्त शस्त्राच्या प्रवासांत त्यांचें महत्त्व फार आहे. पुढील दोन्ही हकीकतींत संस्थानी मुलूख येतो, तें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां यंत्राची गोष्ट. १८३६ सालीं सॅम्युअल कोल्ट या अमेरिकन माणसानें फिरत्या चाकाच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. त्यालाच आपण रिव्हॉल्व्हर म्हणतों. त्यांत काडतुसें एका फिरत्या चाकाच्या घरांत बसतात, व घोडा मागें येतांना चाक एक घर पुढें सरकतें. यंत्र भरंवशाचें, परंतु चाकाचा फुगवटा लपत नाहीं; कोटाच्या खिशांत ठेवलें तर कोट एका बाजूस ओढला जातो व बाहेरून टेंगूळ दिसतें. ही अडचण जॉन ब्राउनिंग यानें दूर केली. हा अमेरिकेंतील यूटा प्रांताचा राहणारा. पण त्याचीं खिशांतलीं पिस्तुलें प्रथम तयार झालीं तीं बेल्जम देशांत, लिएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथील कारखान्यांत. त्यानें चाक काढून टाकलें आणि काडतुसांची चपटी डबी मुठीच्या पोटांत बसविली. गोळी सुटतांना जो धक्का मागें येतो, त्याच धक्क्यानें वरचें झांकण मागें सरकावें, रिकामें कवच बाहेर फेकलें जावें, आणि स्प्रिंगच्या जोरानें झांकण पुढें येतांना नवें काडतूस नळींत बसावें, अशी ती युक्ति. १९०० सालच्या नमुन्यांत सात काडतुसें मावत. लांबी सात इंचांहून थोडी कमी, आणि वजन सुमारें सवासहाशें ग्रॅम. १९०६ सालीं तर जाकिटाच्या खिशांत बसेल असा साडेचार इंची नमुनाहि निघाला. युरोपांत थोड्याच वर्षांत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तुलाचा पर्याय होऊन बसला.

परंतु जें यंत्र इतकें लहान आणि इतकें नाजूक, तें वापरून जुनें झालें म्हणजे त्याची परीक्षा कठिण होते. जुनें घड्याळ घेणारा तें कानाशीं धरून पाहतो. जुनी सायकल घेणारा चार गल्ल्या फिरवून पाहतो. जुन्या पिस्तुलाची परीक्षा गोळी उडविल्याशिवाय पुरी होत नाहीं. नळीच्या आंत गोळीला फिरकी देणाऱ्या खांचा झिजल्या आहेत काय, स्प्रिंग दमली आहे काय, डबीचे ओंठ वांकले आहेत काय, अडसर घट्ट बसतो काय, आणि मुख्य म्हणजे काडतुसें त्याच मापाचीं आणि ताजीं आहेत काय, एवढें पाहावें लागतें. परवानाधारक हें सारें दुकानदारासमोर, उजेडांत, कागदपत्र हातांत घेऊन पाहूं शकतो. चोरून घेणाऱ्याला दुकान नाहीं, उजेड नाहीं, आणि गोळी झाडून पाहण्यास जागा नाहीं. त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर आणि मध्यस्थाच्या मैत्रीवर विसंबावें लागतें. म्हणजे यंत्राची परीक्षा संपते आणि माणसांची सुरू होते.

नाशिकची हकीकत अशी. विनायक दामोदर सावरकर १९०६ सालीं विलायतेस गेले व लंडनच्या हायगेट भागांतील ‘इंडिया हाउस’ या वसतिगृहांत राहूं लागले. तेथून स्वदेशीं शस्त्रें पाठविण्याची योजना आंखली गेली. १९०९ च्या आरंभीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें, काडतुसांसह, पॅरिसहून मिळविण्यांत आलीं आणि इंडिया हाउसमध्यें स्वयंपाकाचें काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळांत बसवून मुंबईस पाठविण्यांत आलीं. वीस नगांची ही निवड शस्त्राच्या घडणीमुळेंच शक्य झाली. वीस रायफली पाठवावयाच्या तर गलबत लागलें असतें. वीस चपटीं पिस्तुलें एका प्रवाशाच्या ट्रंकेच्या तळाशीं मावलीं, आणि जकातीच्या अधिकाऱ्यांना वरचे कपडे तेवढे दिसले.

पेटी मुंबईस पोंचली ती मार्च महिन्याच्या आरंभीं. पण जे बंधु येथें त्या गुप्त मंडळाचे सूत्रधार होते, ते गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर, त्यांना फेब्रुवारीच्या अखेरीसच अटक झाली होती. जून महिन्यांत, कांहीं कविता छापल्याच्या आरोपावरून, त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पिस्तुलें आलीं, परंतु तीं ज्यांच्या हवालीं व्हावयाचीं ते तुरुंगांत. तेव्हां तीं एका हातून दुसऱ्या हातीं, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाऊं लागलीं. प्रत्येक हस्तांतराबरोबर गुपित जाणणाऱ्यांची संख्या वाढली. शस्त्र आणि कागद यांत हा फरक आहे कीं, कागद जाळतां येतो. पोलादाची वस्तु जळत नाहीं, ती कोणाला तरी द्यावी लागते.

त्यांतील एक पिस्तूल अनंत लक्ष्मण कान्हेरे याच्या हातीं आलें. हा अठरा वर्षांच्या आसपासचा तरुण. जन्म कोंकणांतला, पण शिक्षणासाठीं राहणारा औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या राज्यांत. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त हा समारंभ होता. कान्हेरे यानें त्यांना तेथें गोळ्या घातल्या व तो तेथेंच पकडला गेला. बाबाराव सावरकरांवरील खटल्याचा सूड हें त्याचें कारण. जॅक्सन हे संस्कृत जाणणारे व लोककथांचे संग्राहक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनीं जमविलेल्या टिपणांवरून पुढें एंथोवेन यांनीं लोकसमजुतींचे ग्रंथ संपादिले. सत्तेचा प्रतिनिधि आणि विद्येचा उपासक या दोन्ही नात्यांनीं एकच मनुष्य एका शहरांत वावरत होता, आणि पिस्तुलाच्या गोळीला हा भेद करतां येत नाहीं, हेंहि त्या रात्रीं नाशिककरांना दिसलें.

१९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांस फांशीं देण्यांत आलें. परंतु प्रकरण तेथें संपलें नाहीं. सरकारनें पिस्तुलाचा माग उलट दिशेनें काढला, आणि तो माग नाशिकहून मुंबईस, मुंबईहून लंडनला व पॅरिसला पोंचला. ज्यानें पेटी आणली तो चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. नाशिक कटाच्या खटल्यांत अडतीस आरोपी उभे राहिले. सत्तावीस जणांना शिक्षा झाली. विनायकरावांना मार्च १९१० मध्यें लंडनला अटक झाली. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत त्यांनीं बोटींतून समुद्रांत उडी घेतली. त्यावरून इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत वाद होऊन तो हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढें गेला, आणि फेब्रुवारी १९११ मध्यें निकाल इंग्लंडच्या बाजूनें लागला. तत्पूर्वींच डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्यें त्यांना दोन जन्मठेपींच्या शिक्षा झाल्या होत्या. दुसरी शिक्षा जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल होती, आणि तिचा आधार हींच पिस्तुलें. ट्रंकेच्या तळाशीं मावलेल्या वस्तूंचा निवाडा करण्यास मुंबईचें उच्च न्यायालय पुरलें नाहीं. युरोपांतल्या लवादालाहि त्या प्रकरणांत बसावें लागलें.

याच सुमारास जगांत इतरत्र काय चाललें होतें, तें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. २८ जून १९१४ रोजीं साराएव्हो शहरांत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांचा खून झाला, तो ब्राउनिंगच्याच १९१० च्या नमुन्याच्या पिस्तुलानें. पिस्तुलांवरचे क्रमांक चौकशींत नोंदले गेले, आणि तीं सर्बियांतून आलीं या गोष्टीनें त्या दोन देशांतील ठिणगीला वारा घातला. त्याच वर्षीं २६ ऑगस्ट रोजीं कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालांतून पन्नास माउझर पिस्तुलें व शेहेचाळीस हजार काडतुसें क्रांतिकारकांनीं पळविलीं. माउझर हें मोठें शस्त्र. लांबी जवळजवळ एक फूट, लाकडी पेटीचाच दस्ता करून खांद्याला लावून झाडण्याजोगें. तें खिशाचें शस्त्र नव्हे. पण त्याचीहि गत तीच झाली. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता, आणि पुढें बंगालांत जेथें जेथें एखादें सांपडलें, तेथें तेथें तें त्या एकाच चोरीकडे बोट दाखवूं लागलें. १९१८ च्या रौलट कमिटीनें या पिस्तुलांचा संबंध चौपन्न प्रकरणांशीं जोडला. त्या कमिटीच्या अहवालाचा आरंभ मुंबई इलाख्यापासून होतो, आणि त्यांत नाशिकच्या वीस पिस्तुलांची हकीकत आहे. त्याच अहवालावरून १९१९ चा रौलट कायदा झाला. त्याविरुद्ध देश उठला. आणि त्याच उठावणींत अमृतसरच्या जालियनवाला बागेंत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यांनीं कधीं पिस्तूल पाहिलें नव्हतें, त्यांच्या अंगावर तो हिशेब फिटला.

दुसरी हकीकत १९४८ सालच्या जानेवारीची. ती सांगतांना मराठी मनाला आजहि संकोच होतो. परंतु जुनें, लहान आणि लपविण्याजोगें पिस्तूल मिळविण्यासाठीं केलेली धडपड न्यायालयाच्या दप्तरांत जितकी तपशीलवार या प्रकरणांत नोंदली गेली, तितकी क्वचितच दुसऱ्या प्रकरणांत सांपडेल. महात्मा गांधींच्या खुनाचा कट करणाऱ्या मंडळींत पुण्याचे नथुराम गोडसे व नारायण आपटे हे प्रमुख होते. पुण्यांत दिगंबर बडगे नांवाचा मनुष्य ‘शस्त्र भांडार’ नांवाचें दुकान चालवीत असे. चाकू, सुरे, बिचवे हा त्याचा उघड व्यापार. चोरटा माल त्याच्या आड चाले. त्या दिवसांत निजामाच्या राज्यांत रझाकारांचा उच्छाद चालला होता, आणि सीमेवरच्या लढ्यासाठीं म्हणून पुण्यामुंबईंत चोरट्या शस्त्रांना मागणी होती. या मंडळींनीं मुंबईंत पैसा व शस्त्रें मागतांना हैदराबादच्या लढ्याचें नांव पुढें केल्याचें पुढील चौकशींत निघालें. मराठवाड्यांतील लोकांचें दुःख खरें होतें. पण त्याचा बुरखा दुसऱ्याच कामासाठीं वापरला गेला.

२० जानेवारीस कटवाल्यांजवळ दोन रिव्हॉल्व्हरें होतीं. दोन्ही जुनीं, हस्तेपरहस्ते आलेलीं. बडगेनें न्यायालयांत सांगितल्याप्रमाणें, त्या दिवशीं दिल्लींतील हिंदुमहासभा भवनाच्या मागच्या रानांत त्यांची परीक्षा घेण्यांत आली. गोपाळ गोडसे याच्या रिव्हॉल्व्हराचें चाक नीट चालेना. दुसऱ्याची गोळी ज्या झाडावर नेम धरला होता तेथवर पोंचेचना. मग तेल आणि चाकू घेऊन दुरुस्तीचा प्रयत्न झाला. त्या संध्याकाळीं बिर्ला भवनांत मदनलाल पहावा यानें स्फोट केला व तो पकडला गेला, बाकीचे पळाले. जुन्या शस्त्राची परीक्षा अशी ऐन वेळीं, रानांत, चोरून झाली, आणि तिचा निकाल प्रतिकूल लागला.

यानंतरच्या दहा दिवसांत दोन गोष्टी एकाच वेळीं चालू होत्या. पोलिसांच्या हातीं एक मनुष्य होता आणि त्याच्या बोलण्यांतून माग लागत होता. आणि गोडसे-आपटे एका भरंवशाच्या पिस्तुलासाठीं गांवोगांव फिरत होते. मुंबईस त्यांनीं शस्त्र मागितलें, तें मिळालें नाहीं. २७ जानेवारीस ते विमानानें दिल्लीस आले आणि त्याच दिवशीं रेल्वेनें ग्वाल्हेरकडे निघाले. ग्वाल्हेर हें संस्थान. तेथें २८ तारखेस मध्यस्थांमार्फत एक पिस्तूल मिळालें. तें बेरेटा नांवाचें, इटलींत सैन्यासाठीं घडविलेलें, १९३४ चा नमुना, नळी नऊ मिलिमीटरची, डबींत सात काडतुसें, लांबी सुमारें सहा इंच. क्रमांक ६०६८२४. इटलींत एका सैनिकाच्या कमरेसाठीं बनलेली वस्तु महायुद्धाच्या धुमाळींतून ग्वाल्हेरच्या गल्लींत येऊन पडली होती. ३० जानेवारी १९४८ रोजीं संध्याकाळीं पांच वाजून गेल्यावर, प्रार्थनेस निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धावर तिच्यांतून तीन गोळ्या सुटल्या.

येथेंहि पुढें तेंच घडलें. शस्त्रांचा पुरवठा करणारा बडगे माफीचा साक्षीदार झाला. १९०९ सालीं पेटी आणणारा, १९४८ सालीं दुकान चालविणारा; दोन्ही खटल्यांत सरकारची भिंत ज्या दगडावर उभी राहिली, तो दगड शस्त्र वाहणाराच निघाला. यांत नवल नाहीं. ज्यानें वस्तु विकली किंवा वाहिली, त्याला ध्येयाचा आधार नसतो किंवा असला तरी तोकडा असतो. आणि सर्व हात मात्र त्यालाच ठाऊक असतात. लाल किल्ल्यांतील खटल्यांत आठ आरोपींचा निवाडा झाला. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालानें विनायकराव सावरकर निर्दोष सुटले, दोघांना फांशीची व पांच जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. ग्वाल्हेरच्या पिस्तुलाच्या संबंधानें दोषी ठरलेले डॉक्टर परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या हे दोघे अपिलांत सुटले. गोडसे व आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्यास फांशीं देण्यांत आलें.

पण न्यायालयाचा निवाडा हा सांखळीचा शेवट नव्हे. फेब्रुवारी १९४८ मध्यें पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमावांनीं ब्राह्मणांचीं घरें जाळलीं. गोडसे याचें नांवहि ज्यांनीं पूर्वीं ऐकलें नव्हतें, अशा कुटुंबांनीं एका रात्रींत वाडा, गुरें आणि दप्तरें गमावलीं व शहराची वाट धरली. खेड्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारधर्माची नाळ तुटली. सहा इंचांच्या एका पिस्तुलानें केलेली ही दुसरी हत्या होती, आणि तिची नोंद कोणत्याहि क्रमांकाखालीं झालेली नाहीं.

याच दिवशीं, ३० जानेवारी १९४८ रोजींच, मराठवाड्यांत एक निराळी घटना घडली. नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें स्वातंत्र्यसैनिकांनीं निजाम सरकारच्या बँकेवर हल्ला केला आणि सुमारें एकवीस लाख रुपये लढ्यासाठीं नेले. निजामाविरुद्धचा हा लढा स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेस चालवीत होती. सीमेबाहेर तिच्या छावण्या होत्या. पैनगंगेपलीकडील उमरखेडची छावणी त्यांपैकींच एक. कळमनुरी, हदगांव, हिंगोली या बाजूच्या लोकांना ती नदी ओलांडली कीं रझाकारांच्या हाताबाहेर जातां येई. शस्त्रें तेथेंहि होतीं, आणि तींहि चोरूनच मिळविलेलीं होतीं. तो लढा निव्वळ निःशस्त्र होता असें म्हणणें खरें होणार नाहीं. परंतु छावणींतलें शस्त्र हें छावणीचें असे, एकट्याच्या खिशाचें नसे. कोणावर, केव्हां आणि कां रोखावयाचें, याला एक संघटना उत्तरदायी होती, आणि तिच्यामागें गांवोगांवच्या लोकांची उघड संमति होती. उमरीच्या पैशाचा हिशेब पुढें दिला गेला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें, १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे दोन कायदे जाऊन एकाच कायद्याची वाट मोकळी झाली.

१८७८ चा हत्यारांचा कायदा स्वराज्यांतहि कांहीं काळ राहिला. त्याच्या जागीं १९५९ सालीं नवा कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. परवान्याचें तत्त्व राहिलें. आज परवानाधारकाला जुनें पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतां येतें, पण त्याची वर्दी अधिकाऱ्यांना द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्यतः एका माणसाला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आहे. आणि ज्या शस्त्रावर ओळखीचा क्रमांक नाहीं किंवा जो खरडून काढलेला आहे, असें शस्त्र ज्याच्याजवळ सांपडेल त्यानेंच तो क्रमांक काढला असें, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा गृहीत धरतो. शस्त्राला नांव असावें आणि त्या नांवाशीं एका माणसाचें नांव जोडलेलें असावें, एवढाच या कलमाचा अर्थ. नाशिकची ट्रंक, कलकत्त्याचीं माउझरें आणि ग्वाल्हेरचें बेरेटा यांचा इतिहास ज्यानें वाचला आहे, त्याला तें कलम रुक्ष वाटणार नाहीं.

नागर कुटुंबांत अलीकडे स्वसंरक्षणाचा प्रश्न वारंवार निघतो. चोऱ्या होतात, एकटे वृद्ध घरांत असतात, रात्रीचा प्रवास असतो. तेव्हां एखादें लहानसें पिस्तूल जवळ असावें, असें एखाद्याच्या मनांत येतें. कायद्याच्या चौकटींत तो विचार करण्यास कोणाची ना नाहीं. मात्र ज्या दिवशीं कोणी ओळखीचा मनुष्य हळूच सांगेल कीं, ‘कागदाची भानगड नको, एक चांगला जुना नग आहे, खिशांत दिसणारहि नाहीं,’ त्या दिवशीं घरांतल्या वडील माणसानें यंत्राची झीज पाहण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, ‘याच्या आधीं तें कोणाच्या हातीं होतें, आणि त्या हातानें काय केलें?’ ज्या वस्तूचें या प्रश्नाला उत्तर नाहीं, ती कितीहि लहान असो, घरांत ठेवण्यास जागा पुरत नाहीं.